गाडीचा पंखा बंद पडला तर...

मंडळी, एम-२५ वर गाडी वेगात असताना तापमानाचा काटा मध्यावर, पण ट्रॅफिक जॅममध्ये अडकलो की वर चढतो, असे होत असेल तर इंजिनच्या पंख्यावर संशय घ्या. वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. गाडी थांबली की ते काम पंख्याचे. एमओटी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका, त्या तपासणीत इंजिनची स्थिती पाहत नाहीत.

इंजिन पूर्ण थंड असताना आधी कूलंटची पातळी पाहा. मग किल्ली काढून या क्रमाने तपासा:

१. फ्यूज : जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. पुन्हा जळला तर वायर शॉर्ट आहे किंवा मोटर अडकली आहे.

२. रिले : त्याच नंबरचा दुसरा रिले काढून तिथे लावून पाहा.

३. मोटर : दोनच वायरी असतील तर प्लग काढून, फ्यूज असलेल्या वायरने बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्या. फिरली नाही तर मोटर गेली. फिरली तर दोष सेन्सर, वायरिंग किंवा अर्थमध्ये. जास्त वायरी असल्यास गॅरेजला न्या.

सावधान! इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. बोटे, ओढणी दूर ठेवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. तसेच दामटलेत तर हेड गॅस्केट जाईल, आणि तो खर्च पंख्याच्या कितीतरी पट असतो.