पोलीस-पाटील आणि त्याचा आधार

‘पोलीस-पाटील’ हा सामासिक शब्द दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तरपद शिलालेखांतील ‘पट्टकील’ ह्या शब्दापर्यंत मागे जाते. पूर्वपद इंग्रजी अमदानीत आले. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस अधिनियमाने गावच्या बंदोबस्ताचा भार ह्या पाटलावर घातला, परंतु त्याचा निर्वाह जुन्या वतनावरच राहिला. हाताखाली राखणीला महार, रामोशी, जागले असत. आडवळणाच्या गावी पोलीस म्हणजे एवढीच माणसे.

हा आधार अन्यायावर उभा होता. महार वतनदाराला तुटपुंज्या बलुत्यापायी अहोरात्र राबावे लागे, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे वतने गेली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस-पाटलाचे पदही वंशपरंपरेतून मोकळे केले. हे योग्यच झाले. मात्र हाताखालच्या माणसांची जागा रिकामी राहिली. (कोतवाल आहे, पण तो तलाठ्याच्या हाताखालचा!) संशयास्पद मृत्यू घडला तर पंच जमवून चौकशी करणे, ठाण्याला वर्दी देणे, हे सारे पाटलाकडेच राहिले. गडचिरोलीच्या अरण्यात तर खबऱ्या असल्याच्या संशयावरून कित्येक पोलीस-पाटील नक्षलवाद्यांच्या हातून मारले गेले. २०२४ साली त्यांचे मानधन दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आले. रात्री-अपरात्री ठाण्यापर्यंत वर्दी पोचविणारा जागल्या त्या रकमेत धरलेला नाही.