क्रॉस-कंपायलर बांधण्यापूर्वी: होस्ट संगणकाची सिद्धता

लिनक्स संगणकावर त्याच संगणकासाठी जीसीसी बांधायला घेतला, की तो एकदा नव्हे, तीनदा बांधला जातो. आधीपासून असलेला कंपायलर पहिला जीसीसी घडवतो, पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फायली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या, तर मूळ कंपायलरमधले दोष पुढे झिरपले नाहीत असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

क्रॉस-कंपायलरच्या वाट्याला ही चाळणी येत नाही. रिस्क-व्हीसाठी बांधलेला कंपायलर रिस्क-व्हीच्याच सूचना लिहितो. त्याने स्वतःला पुन्हा घडवले, तर निघालेला प्रोग्राम एक्स-८६ संगणकावर चालणारच नाही. म्हणून होस्टवरच्या कंपायलरने एकदा केलेले काम हेच अखेरचे काम ठरते. क्रॉस-कंपायलर बांधण्याआधी नेटिव्ह, म्हणजे त्याच संगणकासाठीचा, जीसीसी बांधून घ्यावा आणि त्याच्याकडून क्रॉस-कंपायलर घडवून घ्यावा, अशी शिफारस जीसीसीच्या मार्गदर्शिकेत आहे, त्यामागचे कारण हेच. माझ्या मते होस्टच्या सिद्धतेचा सगळा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. होस्टवर काय बसवायचे याच्या याद्या सर्वत्र मिळतात. पण होस्टमधले काय तयार मालात शिरू द्यायचे नाही, हा प्रश्न अधिक कठीण आहे.

आधी संज्ञा नेमक्या करू. ज्या संगणकावर कंपायलर बांधला जातो तो बिल्ड, ज्यावर तो चालणार तो होस्ट आणि ज्यासाठी तो कोड तयार करणार तो टार्गेट. बहुतेक वेळा पहिले दोन एकच असतात, म्हणून पुढे दोघांनाही होस्टच म्हटले आहे. तिन्ही वेगळे असतील तर त्या प्रकाराला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. हे नाव पडले तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय राजकीय पक्ष होते, एवढाच त्याचा इतिहास. उदाहरण म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारी ३२ बिटी रिस्क-व्ही चिप घेऊ. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच घराण्यातले असल्याने आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही हे उदाहरण जवळचे वाटेल. अशा चिपसाठी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे साधने), जीसीसी आणि न्यूलिब ही सी लायब्ररी, एवढे तीन घटक मुख्यतः लागतात.

होस्टवर मेक, बायसन, फ्लेक्स, गॉक, टेक्सइन्फो, पॅच ही साधने हवीत. त्यात फार खोल शिरण्याचे कारण नाही. सी++ कंपायलर मात्र अटळ आहे: जीसीसी ४.८ पासून खुद्द जीसीसीचा उगमकोड सी++ मध्ये बांधला जातो आणि ११ ते १४ या आवृत्त्यांना सी++११ जाणणारा, तर १५ पासून सी++१४ जाणणारा कंपायलर लागतो. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिती लायब्रऱ्या दोन प्रकारे पुरवता येतात. डिस्ट्रिब्युशनची पॅकेजेस बसवता येतात, किंवा जीसीसीसोबत येणारी स्क्रिप्ट चालवून त्यांचा उगमकोड जीसीसीच्या झाडातच आणून ठेवता येतो. मी दुसरा मार्ग निवडतो. तसे केल्यास त्या लायब्रऱ्या कंपायलरच्या पोटातच बांधल्या जातात. पहिल्या मार्गाने तयार झालेला कंपायलर सहकाऱ्याच्या संगणकावर नेला, की तिथे त्याला त्याच आवृत्तीची लायब्ररी शोधावी लागते.

नाव एक आणि साधन दुसरे, असेही होते. उबंटूमध्ये ६.१० या आवृत्तीपासून एसएच या नावामागे बॅश नसून डॅश आहे. ऑक या नावामागे अनेकदा गॉकऐवजी मॉक असतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये बॅशची खास रचना वापरलेली असेल, तर ती डॅशखाली मध्येच कोसळते. म्हणून साधन आहे की नाही एवढे पाहून थांबू नये. त्या नावामागे प्रत्यक्षात कोण आहे, तेही विचारावे.

होस्ट जुना असण्याइतकाच तो फार नवा असणेही अडचणीचे आहे. जीसीसी ५ ने सी भाषेची मूळ मानलेली आवृत्ती बदलली, ६ ने सी++ ची. त्यामुळे जीसीसी ४.८ चा उगमकोड नव्या होस्टवर जसाच्या तसा बांधला जात नाही. टेक्सइन्फो ५ अधिक काटेकोर झाल्याने जुन्या जीसीसीची नुसती कागदपत्रे तयार होतानाही बांधणी अडते. या चुका निदान ओरडून सांगतात. मला भीती वाटते ती मूक चुकांची. कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून होस्टची ओळख करून घेते. जुन्या स्क्रिप्टमधल्या अशा प्रोग्रामांत फंक्शनची घोषणा बरेचदा गाळलेली असते. जीसीसी १४ ने ती त्रुटी मानायला सुरुवात केली. मग चाचणी भलत्याच कारणाने फसते, स्क्रिप्ट ती सोय होस्टवर नाहीच असे समजते आणि बांधणी बिनतक्रार पुढे जाते. त्याचा पत्ता फक्त कॉन्फिगरच्या लॉग फाइलमध्ये लागतो. ती वाचायचा कंटाळा करू नये.

नव्या होस्टचा आणखी एक परिणाम तयार कंपायलर दुसरीकडे नेल्यावर दिसतो. ग्लिबसी ही लिनक्स होस्टची सी लायब्ररी. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या तिच्या २.३४ या आवृत्तीत प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनची खूणच नवी झाली. त्यामुळे त्यानंतरच्या होस्टवर नेहमीच्या पद्धतीने जोडलेला कंपायलर ग्लिबसी २.३१ असलेल्या उबंटू २०.०४ वर सुरूच होत नाही. उलट दिशेने ही अडचण येत नाही. म्हणून वाटायचा कंपायलर जुन्या डिस्ट्रिब्युशनच्या कंटेनरमध्ये बांधावा.

आता परिसर, म्हणजे शेलमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. सीपाथ हे व्हेरिएबल कुठलाही जीसीसी मानतो, नुकताच जन्मलेला क्रॉस-जीसीसीसुद्धा. त्यात होस्टच्या हेडर फायलींचा पत्ता राहिला असेल, तर चिपसाठीच्या लायब्ररीत एक्स-८६ लिनक्सची मापे शिरतात. एलडी-लायब्ररी-पाथच्या शेवटी चुकून राहिलेला अपूर्णविराम 'चालू फोल्डर' असा वाचला जातो. क्रॉसटूल-एनजी हे प्रसिद्ध साधन असली व्हेरिएबल दिसली की कामच सुरू करत नाही. मूळ वापरकर्ता, म्हणजे रूट, म्हणूनही ते स्वतःहून चालत नाही. ती सक्ती योग्यच आहे: प्रिफिक्स, म्हणजे कंपायलर जिथे बसवायचा त्या फोल्डरचा पत्ता, लिहिताना एक चूक झाली, तर रूटच्या अधिकाराने होस्टच्या स्वतःच्या फायलींवर नव्या फायली बसतील. साधा वापरकर्ता तिथे लिहूच शकत नाही. बांधणीसाठी वेगळा वापरकर्ता करून त्याला रिकामा परिसर द्यावा, पाथ हाताने लिहावा आणि भाषा-व्यवस्था 'पॉझिक्स' ठेवावी.

फाइल सिस्टिमकडे सहसा कोणी पाहत नाही. लिनक्स कर्नलच्या हेडर फायलींत एकाच नावाच्या मोठ्या आणि लहान लिपीतल्या जोड्या आहेत. मॅकची नेहमीची डिस्क किंवा विंडोजचा फोल्डर त्या जोडीतली एकच फाइल ठेवतो. लिनक्स टार्गेटसाठी ही चूक घातक आहे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, आणि उगमकोडाच्या फोल्डरमध्येच बांधणीही नको. फायलींच्या वेळाही जपाव्यात. मेक वेळ पाहूनच ठरवतो की बायसनने केलेली फाइल पुन्हा करायची की नाही. गिटमधून उतरवलेल्या जीसीसीत या वेळा उलटसुलट असू शकतात. त्या नीट लावणारी स्क्रिप्ट जीसीसीसोबतच येते.

स्मृतीबद्दल थोडक्यात. समांतर कामांची संख्या प्रोसेसरच्या गाभ्यांइतकी ठेवली आणि स्मृती तोकडी पडली, तर कर्नल एखादे कंपाइलचे काम ठार करतो. लॉगमध्ये ते कंपायलरच्याच बिघाडासारखे दिसते. तसे झाल्यास संख्या निम्मी करून पाहावी. मल्टिलिब, म्हणजे टार्गेटच्या अनेक उपप्रकारांसाठी वेगवेगळ्या लायब्रऱ्या, मागितले असेल तर प्रत्येक उपप्रकारासाठी न्यूलिब नव्याने बांधली जाते, त्यामुळे वेळ आणि डिस्क दोन्ही अनेक पटींनी लागतात.

बांधणी संपल्यावर होस्टचा माग शोधावा. क्रॉस-जीसीसीला रिकामी फाइल देऊन, नुसते प्रीप्रोसेसिंग करायला सांगून, तपशील दाखवण्याची आज्ञा द्यावी. तो ज्या फोल्डरांत हेडर शोधतो त्यांची यादी छापतो. त्या यादीतला प्रत्येक पत्ता आपल्या प्रिफिक्सखालचाच असला पाहिजे. होस्टच्या यूएसआर-इन्क्लूडची एक जरी ओळ तिथे दिसली, तर तो कंपायलर वापरू नये. बांधणीचा फोल्डर पुसून, परिसर रिकामा करून, पहिल्या बिनयुटिल्सपासून पुन्हा बांधावे.