‘शॅल’ आणि ‘मे’ : बंधन की मुभा?

‘शॅल’ आणि ‘मे’ ही इंग्रजीतील सहायक क्रियापदे. दोहोंपुढे मुख्य क्रियापद मूळ रूपात येते, तृतीयपुरुषी एकवचनातही त्यांना ‘एस’ लागत नाही आणि प्रश्नार्थक वाक्यात ती कर्त्याच्या आधी जातात. साम्य इथेच संपते. जुन्या शालेय व्याकरणात ‘आय’ आणि ‘वुई’ या कर्त्यांबरोबर साध्या भविष्यकाळासाठी ‘शॅल’ शिकवला जाई. बोलण्यातून ‘विल’ने त्याला जवळपास हुसकावले आहे. ‘मे’ मात्र वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडी अजून आहे. ‘मे आय कम इन’मध्ये तो परवानगी मागतो, तर ‘इट मे रेन’मध्ये केवळ शक्यता सांगतो.

कायद्याच्या भाषेत तृतीयपुरुषी कर्त्यापुढील ‘शॅल’ कर्तव्य लादतो, तर ‘मे’ अधिकार देतो. तो वापरायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मराठीत हाच भेद ‘करील’ आणि ‘करू शकेल’ असा दाखवता येतो. राज्यघटनेच्या ७४व्या कलमाला १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या परंतुकात हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. मंत्रिमंडळाने सल्ल्याचा फेरविचार करावा, असे राष्ट्रपती सांगू शकतात. तिथे ‘मे’ आहे. फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्यानुसार मात्र त्यांनी वागलेच पाहिजे. तिथे ‘शॅल’ आहे.

अर्थात, केवळ शब्दावरून निकाल लागत नाही. लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याबाबत ३२०व्या कलमात ‘शॅल’ असूनही ती तरतूद अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात ठरवले. संदर्भ आणि हेतू पाहून ‘मे’चाही अर्थ कधी ‘शॅल’ असा केला जातो.

या लवचीकतेवर विसंबण्यास सगळेच तयार नसतात. घटनेने केंद्राच्या कारभारात इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत २६ जानेवारी १९६५ रोजी संपणार होती. त्यानंतरही इंग्रजी चालू ‘राहू शकेल’, असे १९६३च्या राजभाषा विधेयकात ‘मे’ वापरून म्हटले होते. ‘मे’ म्हणजे ‘न राहूही शकेल’, ही हिंदीतर राज्यांची, विशेषतः मद्रासची धास्ती. राज्यसभेत द्रमुकचे सी. एन. अण्णादुराई यांनी विधेयकाला विरोध केला. या विधेयकापुरता दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असे पंतप्रधान नेहरूंचे म्हणणे होते. मग ‘शॅल’च का घालत नाही, हा विरोधकांचा सवाल बिनतोड होता. विधेयक ‘मे’सह संमत झाले. मे १९६४मध्ये नेहरू गेले आणि त्यांच्या शब्दाचा आधारही गेला. १९६५च्या जानेवारीत मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन भडकले. त्यात अनेकांचे प्राण गेले.

अखेर १९६७च्या दुरुस्ती अधिनियमाने, हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांशी केंद्राने करायच्या पत्रव्यवहारासाठी इंग्रजी वापरण्याची तरतूद ‘शॅल’ घालून केली. कलमाच्या आरंभीचा ‘मे’ मात्र तसाच ठेवण्यात आला.