वजन कोठे जाते?

१९०७ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी, पेटंट कचेरीत एक अठ्ठावीस वर्षांचा नोकर खुर्चीत बसला असता त्याच्या मनात आले : छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडतेवेळी, आपले वजन जाणवणार नाही. तो नोकर म्हणजे आल्बर्ट आइन्स्टाइन.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. परांचीवरून पडलेले गवंडी आम्ही पाहिले आहेत. हा विचार ऐकताच आमच्या अंगावर काटा येतो. परंतु श्रोतेहो, त्यातील सत्य ध्यानी घ्या. हवेचा अडथळा नसेल तर जड व हलके सारखेच पडते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडले होते. तेव्हा पडत्या गवंड्याच्या हातून थापी सुटली, तरी ती त्याच्या शेजारीच राहणार. आपल्याला वजन म्हणून जाणवतो तो पायाखालच्या जमिनीचा रेटा होय. आधार गेला की ती जाणीव गेली. पृथ्वीची ओढ मात्र कायम.

अंतराळवीर तरंगतो तो याच न्यायाने. ४०० किलोमीटर उंचीवरही ही ओढ जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते; यान आणि माणूस पृथ्वीभोवती बरोबरीने पडत असतात.

कचेरीतल्या त्या विचारातून १९१५ साली व्यापक सापेक्षतावाद उभा राहिला. तो विचार विद्यापीठात जागा न मिळालेल्या नोकराने केला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. मात्र पडणाऱ्याला ओढ जाणवली नाही, तरी खाली जमीन असतेच. म्हणून परांचीला कठडा हवा, हे आम्ही मालकांना सांगतच राहू.