पंगतीचा क्रम आणि पचनाचा विचार

सणाच्या दिवशी पोटभर आणि गोडधोड खावे ही रीत महाराष्ट्रात जितकी जुनी आहे, तितकाच त्या खाण्याला आवर घालण्याचा विचारही जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात, पित्त व कफ या दोषांसाठी राखावा, असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेच भाग चार होतात. त्यांतील दोन घन अन्नाचे, एक द्रवाचा आणि चौथा मोकळा ठेवायचा. त्याच परंपरेत गुरू, म्हणजे पचायला जड, पदार्थ अर्ध्या तृप्तीइतकेच खावेत असाही दंडक आहे, कारण अन्न पचवणारा जठराग्नी मंदावला की अजीर्ण होते, अशी त्या शास्त्राची धारणा होती.

हा विचार वैद्यांपुरता मर्यादित राहिला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात राजाच्या भोजनाचे आणि तांबूलाचे स्वतंत्र वर्णन आढळते, तर तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास रचलेल्या भोजनकुतूहल या संस्कृत ग्रंथात खाद्यपदार्थांचे गुणदोष एकत्र केले आहेत.

सामान्य घरात मात्र ग्रंथापेक्षा वाढप अधिक प्रभावी ठरले. केळीच्या पानावर वरच्या बाजूस मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर व लोणचे, उजवीकडे भाजी आणि आमटी अशी मांडणी झाल्यावरही जेवणारा लगेच हात घालत नसे. ब्राह्मणी घरांत चित्राहुती, म्हणजे पानाबाहेर ठेवायचे भाताचे लहान घास, आणि आपोशन, म्हणजे तळहातावरच्या पाण्याचे मंत्रपूर्वक आचमन, हे विधी होत असत. आरंभी वरणभात व तूप, मध्ये पुरणपोळीसारखे पक्वान्न आणि शेवटी ताकभात असा क्रम होता. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी काढून त्याची कटाची आमटी केली जाई, पुरणात सुंठ-जायफळ पडे, आणि आले, कोथिंबीर व मीठ घातलेला पातळ मठ्ठा जोडीला असे. जेवणानंतरचा विडा पाचक मानला जाई. मात्र त्यातील सुपारी कर्करोगाला कारणीभूत ठरते हे आता सिद्ध झाले असल्याने त्या भागाचे समर्थन करता येत नाही.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का तिच्याच पोटातून बसत असे, तो यजमानाच्या आग्रहाचा. पोट भरल्यावर पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून आणखी एक पोळी वाढणे हा आदर समजला जाई, आणि वाढलेले टाकणे दोष मानले जात असल्याने अर्ध्या तृप्तीचा दंडक तिथेच मोडत असे. उलट, गणेशचतुर्थीच्या मोदकांनंतर दुसऱ्याच दिवशी येणाऱ्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची बेताच्या मसाल्याची मिसळ भाजी खाण्याची रीत आहे; तिचे कारण धार्मिक असले, तरी तिने पोटाला विसावाही मिळतो.

आज बुफेमध्ये क्रम आणि प्रमाण या दोन्ही गोष्टी जेवणाऱ्याच्या हाती आल्या आहेत. आग्रहाचे निमित्त उरलेले नाही. म्हणून जड पदार्थ अर्ध्या भुकेपुरताच घेणे, सावकाश जेवणे आणि शेवटी ताक पिणे ही जुन्या पंगतीतील घेण्याजोगी शिस्त आता ज्याची त्यानेच पाळली पाहिजे.