मेलेल्या माश्या मोजायच्या की न परतलेल्या?

संशोधनाची तयारी करताना ‘संशोधन पद्धती’ हा भाग बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. विषय चांगला मिळाला की पद्धत पुस्तकातून उचलता येईल, असं आपण धरून चालतो. म्हणून आज कीटकनाशकं आणि मधमाश्या यांचा थोडा इतिहास बघू. इथे मोजायची पद्धत बदलली आणि मग उत्तर बदललं.

सुरुवात आपल्या जवळूनच करू. पनवेलहून पेणकडे जाताना रसायनी स्टेशन लागतं. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना तिथे १९७० च्या दशकात सुरू झाला. मॅलॅथिऑन हे त्याचं एक मुख्य उत्पादन. हे औषध कीटकाच्या चेतासंस्थेतलं एक विकर बंद पाडतं. निरोप थांबतच नाही, कीटकाला झटके येतात आणि तो मरतो. तेच विकर मधमाशीतही असतं. फुलोऱ्यात फवारणी झाली की माश्या पटापट मरतात आणि मधपेटीसमोर त्यांचा सडा पडतो.

नुकसान असं डोळ्यांना दिसत होतं, म्हणून मोजमापही तसंच ठरलं: एलडी ५०, म्हणजे ज्या मात्रेला निम्म्या माश्या मरतात ती मात्रा. ओईसीडीने १९९८ मध्ये प्रमाणित केलेल्या चाचणीत माश्या पिंजऱ्यात ठेवतात, विष देतात आणि साधारण ४८ तासांत किती मेल्या ते मोजतात.

मग इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड्स आली. ती बियाण्याला चोळली तरी झाडभर पसरतात आणि परागात, मधुरसात अगदी थोड्या प्रमाणात उतरतात. १९९० च्या दशकात फ्रान्समधले मधपाळ सांगू लागले, की सूर्यफुलावर गेलेल्या माश्या परत येत नाहीत. पेटीसमोर सडा नव्हता, पेट्या मात्र रिकाम्या होत होत्या. १९९९ मध्ये फ्रान्सने सूर्यफुलाच्या बियाण्यावर हे औषध वापरणं थांबवलं.

२०१२ मध्ये मिकाएल आंरी आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. त्यांनी ६५० हून अधिक माश्यांच्या पाठीवर बारीक रेडिओ-टॅग चिकटवले, काहींना थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा दिली आणि पेटीपासून लांब सोडलं. विष घेतलेल्यांपैकी जास्त माश्या घर चुकल्या. पिंजऱ्यात हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे घरी परतायचं नसतंच! यातून वसाहत कोसळते का, यावर नंतर जोरदार वाद झाला. तरी असे पुरावे साठत गेले आणि युरोपीय संघाने २०१३ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड्सवर निर्बंध घातले, तर २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

आता कोकणात या. हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी हीच औषधं फवारली जातात. फ्रान्समध्ये तक्रार करायला मधपाळ होते. आपल्या कर्नाळ्याच्या सुळक्यावरच्या आग्या मोहोळाला मालक नाही. त्यातल्या किती माश्या सकाळी गेल्या आणि किती संध्याकाळी आल्या, कोण सांगणार? शिवाय प्रमाणित चाचण्या मुख्यतः युरोपीय मेलिफेरा माशीवर होतात. आग्या, सातेरी, फुलोरी यांची शरीरं वेगळी आणि राहणीही वेगळी.

पण उलट बाजूची घाईही नको. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर गेल्या, त्यामागे थाई सॅकब्रूड हा विषाणू होता. माश्या कमी झाल्या म्हणजे कीटकनाशकच दोषी, असं लिहून मोकळं होता येत नाही. रोग, तुटलेली झाडं, चाऱ्याची फुलं हे सगळं वेगळं काढावं लागतं.

तुमचा विषय दुसरा असेल. तरी प्रस्ताव लिहिताना स्वतःला एवढं विचारा: मी निवडलेल्या मोजमापात कुठलं नुकसान दिसणारच नाही? त्याचं उत्तर प्रस्तावातच लिहा. मार्गदर्शक तोच प्रश्न आधी विचारतील.