डाय, डेटम आणि डेटा: एकाच घरातले तीन शब्द

भोसरी-चाकण पट्ट्यात 'डाय' शब्द माहीत नसलेला कामगार सापडणं कठीण. पत्र्याला किंवा वितळलेल्या धातूला हवा तो आकार देणारं पोलादी साधन म्हणजे डाय. आयटीआयमध्ये 'टूल अँड डाय मेकर' हा वेगळा ट्रेडच आहे. मी इथल्या मशीनचा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून या शब्दाचं मूळ शोधलं. ते निघालं डेटाच्याच घरात!

डाय कुठून आला?
इंग्रजीत डाय म्हणजे आधी खेळातला फासा. 'डाइस' हे त्याचंच अनेकवचन. मध्ययुगात तो जुन्या फ्रेंचमधल्या 'दे' या शब्दावरून आला. त्याचं मूळ बहुधा लॅटिन 'दातुम', म्हणजे 'दिलेलं', असं शब्दकोश सांगतात. गंमत बघा, मराठीतही फाशांचं 'दान' पडतं! पुढे १७व्या शतकाच्या अखेरीस नाण्यांवर छाप उठवणाऱ्या ठशालाही डाय म्हणू लागले. आज चिपमधला सिलिकॉनचा चौकोनी तुकडाही डायच. मरण्याचा आणि रंगाचा 'डाय' मात्र वेगळे. त्यांचा फक्त उच्चार सारखा.

डेटम आणि डेटा
'दातुम'चंच इंग्रजी रूप डेटम आणि त्याचं अनेकवचन डेटा. लॅटिन 'दारे' आणि संस्कृत 'दा' हे धातू सख्खे भाऊ, त्यामुळे आपलं 'देणे'ही याच कुळातलं.

शॉप फ्लोअरवर डेटम म्हणजे ड्रॉइंगमधली ती बाजू, रेष किंवा बिंदू, जिथून सगळी मापं धरायची. मापायच्या आधी ती 'दिलेली' असते.

याचा उपयोग काय?
समजा, सर्व्हरवर भोकाचं अंतर ४०.०२ मिमी आलं. पण कुठून ४०.०२? डाव्या कडेपासून की मधल्या बोअरपासून? डेटम माहीत नसेल तर हा आकडा निरुपयोगी. त्यावरून चांगला जॉब रिजेक्ट होईल, नाहीतर खराब जॉब पुढे असेंब्लीत जाईल.

म्हणून मापांचं टेबल बनवताना आकड्याशेजारी तीन कॉलम ठेवाच: एकक, डेटम आणि माप कशानं घेतलं ते. आणि ते भरण्याआधी मशीनवरच्या माणसाला विचारा. डेटा म्हणजे 'दिलेलं', आणि देणारा तिथंच उभा असतो.